पुढच्या दाराची कडी

वाल्चरेन बेट, १९ नोव्हेंबर १९४६

श्रीमती वेल्मिना यांस,

तुमचे पत्र आले त्या सकाळी मी घराच्या पुढच्या दाराला रंधा मारत होतो. युद्धात बांध फुटला आणि समुद्र वर्षभर आमच्या बेटावर ठाण मांडून बसला. तो गेला, पण जाताना प्रत्येक चौकट वाकवून गेला. आमच्या दाराची कडी खोबणीत बसेना. घाई काहीच नव्हती. आमच्याकडे पुढचे दार दोनदाच उघडतात, नवरी आत येते तेव्हा आणि शवपेटी बाहेर जाते तेव्हा. एरवी सगळा वावर मागच्या दाराने.

त्यामुळे मला तिथे पाहून पोस्टमनने टोपी काढली. "कोण गेलं?" त्याने हळूच विचारले.

"कुणी नाही रे. दार फुगलंय."

"मग हे घ्या. सुराबायाहून आलंय. लीवनचं आहे का?"

अक्षर लीवनचे नव्हते. पत्र मी उभ्यानेच वाचले आणि माझ्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. त्या कोटाला माझी बायको हात लावत नाही. "काय आलं?" तिने स्वयंपाकघरातून विचारले. "लाकडाचा भाव," मी म्हणालो. मी खोटे बोलणारा माणूस नाही. पण तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा हे लिहून उपयोग नाही.

लीवन गेला, असे तुम्ही लिहिले आहे. त्याला पाच वर्षांची मुलगी आहे, असे लिहिले आहे. आणि विचारले आहे की आमच्या घरात तुम्हा दोघींना जागा आहे का. कारण डचांच्या बाजूची म्हणून तुमच्या आंबोनी माणसांना आता जावा बेटावर, सुराबायात राहणे धोक्याचे झाले आहे, आणि हॉलंडमधल्या कुणाचा पत्ता दिल्याशिवाय बोटीवर नाव चढत नाही.

माळ्यावर खोली आहे. कोरडी आहे. पण 'या' असे मला एकट्याला लिहिता येत नाही. माझी बायको दिंगेना लीवनला जिवंत धरून चालते. सरकारचे पत्र वसंतात आले, 'बेपत्ता, मृत मानावा' असे. तिने त्याची घडी घातली आणि म्हणाली, "मानावा म्हणे! ज्याला मानायचंय त्यानं मानावं. बेपत्ता कोंबडीसुद्धा दिवेलागणीला घरी येते." जेवताना ती तिसरे ताट मांडते. बायबल वाचून झाले की ते ताट स्वच्छच असते, तरी पुन्हा धुते.

तुम्ही त्याची विधवा म्हणून आत आलात की तो मेला. म्हणजे आधी तिला सांगायला हवे.

मी सुतार आहे. पण गावात कोणी गेले की काळा कोट घालून घरोघर वर्दी देण्याचे कामही आमच्या घराण्याकडे आहे. माझ्या वडिलांचा एक नियम होता: ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याची वर्दी द्यायची नाही, स्वतः पाहिला नसेल तर पाहणाऱ्याचे नाव सांगता आले पाहिजे. तेव्हा मला एवढेच कळवा. लीवनला शेवटचे कोणी पाहिले?

तुमचा,
योस
(लीवनचे वडील)


वाल्चरेन, ३० डिसेंबर १९४६

श्रीमती वेल्मिना यांस,

तुमचे उत्तर अजून आलेले नाही. तरी लिहितो आहे. बाहेर सगळे गोठले आहे. खाऱ्या पाण्याने मेलेली झाडे आम्ही तोडली, आता नजर थेट बांधापर्यंत जाते आणि तिथून परत येते. मी कारखान्यात भुशाची शेगडी पेटवून बसतो. दिंगेना घरात. दोघांच्या मध्ये अंगण आहे, आणि हल्ली ते अंगण ओलांडायला मला निमित्त लागते.

पाहणाऱ्याचे नाव कशाला हवे, असे तुम्हाला वाटले असेल. त्यामागे वीसे आहे. हा गिरणीवाल्याचा मुलगा. जर्मनांनी त्याला कामाला धरून नेले होते. युद्ध संपल्यावर कुणीतरी सांगितले की तो बॉम्बहल्ल्यात गेला. कुणी सांगितले, कुणी पाहिले, मी विचारले नाही. गिरणीवाला इतका रडत होता. मी घरोघर वर्दी दिली. त्याच्या नावाची प्रार्थना झाली, कॉफी झाली. आणि त्या उन्हाळ्यात एका दुपारी वीसे बांधावरून चालत आला, हातात सायकलचे नुसते चाक घेऊन.

"योसकाका," माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मला मारलंत ते ठीक. पण माझ्या मयताची कॉफी मलाच मिळाली नाही, त्याचं काय?"

अजूनही मी दिसलो की तो छाती फुगवून श्वास घेऊन दाखवतो. गाव हसते. मीही हसतो. दिंगेना मात्र हसत नाही. ती त्याला आत बोलावते, ताकातली पेज वाढते, आणि तो खात असताना त्याच्याकडे पाहत राहते. "हा बघ," मला म्हणते, "हा पण मेला होता ना?"

आता लीवनच्या जहाजाविषयी. लीवनने तुम्हाला सांगितलेच असेल, पण त्याने ते स्वतःच्या बाजूने सांगितले असणार.

'जावा' ही युद्धनौका इथे बांधली गेली, फ्लिसिंगेनच्या गोदीत. इथून तासाभराची वाट. मी नुकता विशीत शिरत होतो तेव्हा तिचा पहिला पत्रा बसला, आणि ती समुद्रावर गेली तेव्हा माझा मुलगा शाळेत जात होता. मध्ये पहिले महायुद्ध आले, सामान अडले, कामगार अडले. गोदीतले लोक म्हणायचे, "नोहाचं तारू याच्याआधी तयार झालं." इतका उशीर झाला की जगात तिच्यापेक्षा नवी जहाजे निघून गेली होती. पण आम्हाला काय त्याचे! ती पाण्यात सोडली त्या दिवशी सगळे बेट किनाऱ्यावर होते. लीवन माझ्या खांद्यावर होता, दोन वर्षांचा. साखळ्या कडकडल्या आणि ती सरकली, तेव्हा बाकीची पोरे रडली. त्याने माझे केस धरून "आणखी!" म्हटले. जणू तिला मागे ओढून पुन्हा सोडता आली असती.

पुढे मी तिच्यावर कामाला होतो. मागच्या डेकच्या फळ्या मी बसवल्या. सागवान होते, जावा बेटावरूनच आलेले, असे मुकादम म्हणायचा. मग ती तिकडे पूर्वेला गेली. बंदरोबंदरी फिरली, तोफांच्या सलाम्या झडल्या; आम्ही वर्तमानपत्रात वाचायचो. लीवन अठराचा झाला तेव्हा ती नव्या डागडुजीसाठी हॉलंडला आली होती, आणि परत गेली तेव्हा तो तिच्यावर होता. निघताना त्याने पत्र टाकले: "बाबा, तुमच्या फळ्या अजून घट्ट आहेत. मी रोज घासतो."

त्याने तुमच्याशी लग्न ठरवल्याचे पत्र चाळीसच्या वसंतात आले. दिंगेना म्हणाली, "नवरीला घेऊन इकडे येऊ दे. आपल्या पुढच्या दारानं आत येऊ दे. मग आशीर्वाद." उत्तर लिहू लिहू म्हणता म्हणता जर्मन आले, आणि टपाल बंद झाले. तुम्हाला आमच्याकडून ओळ आली नाही ती अशी.

तुमचा,
योस


वाल्चरेन, २७ जानेवारी १९४७

वेल्मिना,

तुमचे पत्र मिळाले. फोटोही मिळाला. पोरीचे कपाळ लीवनचे आहे. तिचे नाव मी दोनदा वाचले. दिंगेना! तिकडे तुमच्या आईचे नाव असताना तुम्ही दोघांनी हे ठेवलेत.

'जावा'वरून वाचलेल्या आब्रामने सांगितलेले तुम्ही जसेच्या तसे लिहिलेत, त्याबद्दल उपकार. मी ते इतक्यांदा वाचले आहे की आता कागद न काढता म्हणू शकतो. दुपारपासून जपान्यांशी लढाई चालली होती. इतर जहाजे एकेक करून बुडाली किंवा मागे राहिली. रात्री चांदणे होते. लीवन मागच्या तोफेवर निघाला होता, आणि वाटेत आब्रामला त्याने आपले कोरडे पाव दिले, "भूक नाही" म्हणून. जाताना तो पंचविसावे स्तोत्र गुणगुणत होता, आमच्या गावच्या संथ चालीत. पोरे त्याला नेहमी चिडवायची, "लीवनचं एक कडवं संपेपर्यंत जहाज विषुववृत्त ओलांडतं." त्या रात्रीही पुढून कुणीतरी ओरडले, "लीवन, आवर! जपानी ताटकळलेत!" आणि तो हसला. आब्रामने त्याचा चेहरा पाहिला तो तेवढाच. थोड्या वेळाने टॉर्पेडो मागच्या दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला. मागचा भाग तुटून गेला. तिकडचे कुणीही वर आले नाही. बाकीचे जहाज काही मिनिटे तरंगले, तेवढ्यात आब्राम पाण्यात उतरला.

मागचा भाग. म्हणजे माझ्या फळ्या.

आणि तुम्ही लिहिले आहे की सुराबायाच्या चर्चमध्ये सगळे थांबल्यावरही एक माणूस शेवटचा स्वर धरून होता, म्हणून तुम्ही मागे वळून पाहिले. हे वाचून मला हसू आले. लहानपणापासून तो तसाच. सगळी मंडळी थांबली की त्याचा एकट्याचा स्वर छताला लटकत राहायचा. पाद्रीबाबा चष्म्यावरून बघायचे. दिंगेना त्याच्या दंडाला चिमटा घ्यायची आणि मान खाली घालून हसायची.

हे कुणाला बनवून सांगता येणार नाही. पाहणारा खरा आहे.

म्हणजे आता माझ्याकडे न सांगायचे कारण उरले नाही. बोट मार्चअखेर सुटते आणि मार्चच्या मध्यापर्यंत पत्ता द्यायचा आहे, हे मी विसरलेलो नाही.

मुलीला सांगा, इथे बर्फ आहे. तिला ते खोटे वाटेल.

योस


वाल्चरेन, २१ फेब्रुवारी १९४७

वेल्मिना,

काल रात्रीच्या जेवणानंतर मी बायबल मिटले आणि म्हणालो, "दिंगेना, तुझ्याशी बोलायचंय."

तिने माझ्याकडे पाहिले. गळ्यात पोवळ्याचे तीन पदर होते. इथे बाईच्या घरचे कुणी वारले की लाल पोवळी उतरतात आणि काळे मणी चढतात. वर्ष झाले की परत लाल. पुराच्या वर्षी तिची सख्खी बहीण गेली. तरी दिंगेनाने पोवळी काढली नाहीत. बायका कुजबुजल्या. ती मला म्हणाली होती, "काळं घातलं तर लोक म्हणतील लीवनसाठी घातलं. बहीण समजून घेईल."

"बोल की," ती म्हणाली.

मी म्हणालो, "गिरणीवाल्याच्या खिडकीची चौकट बदलायला झालीय."

"हे बोलायचं होतं?"

"हो."

"गेले तीन महिने तू माझ्याकडे असा बघतोस, योस, जसा तू लोकांच्या दारात उभा राहून बघतोस," ती म्हणाली. "मी कुणाच्याही दारात असते ना, तर विचारलं असतं कोण गेलं. माझ्या स्वतःच्या घरात मी विचारणार नाही."

आणि ती ताटे धुवायला उठली. तिन्ही.

मी कारखान्यात आलो. प्रार्थना केली, पण शब्द फुटले नाहीत. नुसता हात जोडून बसलो. देवाला माझ्या गप्प बसण्याची सवय आहे. दिंगेनालाही आहे. तुला मात्र नाही, आणि तू तिकडे बराकीत मुलीला पोटाशी धरून माझ्या उत्तराची वाट पाहतेस. हे लिहिताना मी 'तू' म्हणून गेलो. खोडत नाही.

शेजारणीच्या दारात तिच्या नवऱ्याची वर्दी देताना मी अडखळलो नव्हतो. कोट अंगात असला की मी योस नसतो, त्या दिवशीचा निरोप असतो. जेवणाच्या टेबलापाशी मी योस असतो, चौकटीवर बोलणारा.

योस


वाल्चरेन, ४ मार्च १९४७

वेल्मिना, मुली,

लीवनला जाऊन पाच वर्षे झाली त्या दिवशीच वर्दी द्यायला निघायचे मी ठरवले होते. त्या दिवशी हिमवादळ होते. खरे सांगायचे तर वादळ दुपारी थांबले होते.

काल सोमवारी सकाळी मी कारखान्यात काळा कोट चढवला. खिशात तुझी पत्रे होती. मागच्या बाजूने बांधाकडे गेलो आणि गावाच्या पार त्या टोकाच्या घरापासून सुरुवात केली. वर्दी नेहमी मयताच्या घराजवळून सुरू होते आणि दूर जाते. मी काल उलटा आलो.

"लीवन, योस सुताराचा मुलगा, वय बावीस, 'जावा' जहाजावरचा. देवानं त्याला आपल्याकडे बोलावलं. पाहणारा आब्राम, त्याच जहाजावरचा."

एवढेच म्हणायचे असते. आत बसायचे नाही, हात मिळवायचा नाही. पहिल्या दारातल्या म्हातारीने नुसती मान हलवली आणि खिडकीचे लाकडी दार अर्धे ओढून घेतले. आमच्याकडे वर्दी मिळालेले घर खिडकी अर्धी झाकते, आणि फेरी पुरी होईपर्यंत कुणी घराबाहेर पडत नाही.

गिरणीवर वीसे दारात आला. मला पाहून सवयीने छाती फुगवली, आणि कोट दिसताच ती तशीच सोडून दिली. मी म्हणायचे ते म्हणालो.

"मी येतो बरोबर, योसकाका."

"वर्दी एकट्यानं द्यायची असते."

"मग मी मागून चालतो. मेलेल्या माणसाला कोण अडवतंय?"

तो खरेच मागून चालत राहिला, चार हात अंतर ठेवून. मला बरे वाटले.

दिंगेना स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत होती, हे तिने मला नंतर सांगितले. बांधाकडून एकेक खिडकी झाकत येताना तिला दिसली. आधी तिने गावात कोण आजारी आहे ते मनात आठवले. मग तिच्या लक्षात आले की फेरी दूर जात नाही, जवळ येते आहे. मग तिने सुरी खाली ठेवली.

शेजारच्या घरी सांगून मी आमच्या पुढच्या दाराशी आलो. वीसे रस्त्यावरच थांबला, टोपी काढून. मी दार वाजवले. आपलेच दार बाहेरून वाजवताना कसे वाटते ते लिहिता येत नाही.

आत पावले दारापर्यंत आली. मग कडी ओढल्याचा आवाज. ती अडली. पुन्हा ओढली.

"मागचं दार उघडं होतं," दिंगेना म्हणाली.

"माहीत आहे."

मी टोपी काढली आणि म्हणालो. नाव, वय, जहाज. आवाज कापला नाही, देवाची कृपा.

"पाहणारा कोण?" तिने विचारले.

"आब्राम. लीवन मागच्या तोफेवर जाताना गुणगुणत होता. आपल्या चालीत. शेवटचा स्वर सोडत नव्हता."

ती चौकट धरून उभी राहिली. "पंचविसावं स्तोत्र?"

"पंचविसावं."

"चिमटे काढून काढून माझी बोटं दुखली," ती म्हणाली, "पण सोडला नाही मेल्यानं." आणि मग तिच्या तोंडून तो शब्द गेल्याचे तिलाच ऐकू आले. ती माझ्या कोटाला कपाळ टेकून रडली. त्या कोटाला तिने पहिल्यांदाच हात लावला. खिशात कागद कुरकुरले.

"आणखी काय आहे यात?"

मी तुझी पत्रे दिली. तिने ती तिथेच वाचली, उघड्या दारात, थंडीत. वीसे रस्त्यावर थिजून उभा होता, शेवटी ती पत्रातून डोके न काढता ओरडली, "आत ये रे, मरशील!" तो आला, आणि या वेळी मयताची कॉफी त्याला मिळाली.

फोटो तिने खिडकीपाशी नेऊन पाहिला. "हिचं नाव दिंगेना? पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं असतं. एवढंही शिकवलं नाही आपण त्याला." मग गळ्यामागे हात नेऊन पोवळ्यांचा सोन्याचा चाप काढला. माळ तळहातावर घेतली, फोटोतल्या गळ्याकडे पाहिले. "तीन पदर जड होतील. दोनच ओवते."

माझ्यावर ती रागावली आहे. तीन महिने, असे ती मध्येच म्हणते आणि खोलीतून निघून जाते. काल जेवताना आम्ही फार बोललो नाही. ताटे दोनच होती आणि दोघांनाही कुठे बघावे ते कळत नव्हते. आज सकाळी मात्र ती तेलाची बाटली घेऊन कारखान्यात आली.

"त्या कडीला तेल घाल. काल माझं मनगट निघालं असतं."

"आता कशाला? लावली की परत."

"नवरी आहे ती," ती म्हणाली. "उशिरा आली म्हणून काय मागच्या दारानं यायची?"

हे पत्र विमानटपालाने धाडतो आहे, वरचा पत्ता लगेच बोटीच्या कचेरीत दे. माझ्या सहीखाली तिनेही सही केली आहे. अक्षर थोडे हलले आहे, ते थंडीमुळे, असे लिही म्हणते. लीवनची वर्दी काल मी दिली. आज दाराच्या कडीला तेल घातले. आता ती एका बोटाने सरकते.

तुझा सासरा,
योस
दिंगेना